मस्कत : एक

रुवीच्या सनद ऑफिसात आमचं टोकन सत्तेचाळीस.
(सनद! या शब्दावर आमच्याकडे एकेकाळी
अख्खी गावं लिहून मिळायची.
इथे दोन रियालांत अर्ज टाइप होतो.)

कॉलिनसाहेब शेजारी, मांडीवर फाइल.
घुब्र्याच्या प्लांटवर एकवीस वर्षं
समुद्रातलं मीठ वेगळं काढून
आता कायमचे निघालेत.
सही कुठे करायची ते दाखवायला
कंपनीने मला सोबत धाडलंय.

फाइलीत, हिशेबाच्या कागदांखाली, एक नकाशा.
इंग्लंडचा. वरचं अंग, घडीवर विरलेलं.
त्यावर पेन्सिलीचे ठिपके.
"अर्कलथ्वेट," ते म्हणतात,
डॉक्टरला दुखरी जागा दाखवावी तसं बोट टेकवून.
"अठराशे एक्क्याऐंशीच्या शिरगणतीत त्रेचाळीस,
सगळे एकाच खोऱ्यात, मेंढरांमागे.
मग काही खाणीत उतरले. दोघे कॅनडाला.
एक बाई..." इथे ते चष्मा पुसतात,
"ती वेड्यांच्या इस्पितळात. नाव एलन.
आज आम्ही अकरा."

थ्वेट म्हणजे काय हो?

"झाडं तोडून मोकळी केलेली जागा.
अर्कल नावाच्या कुणीतरी ती तोडली.
बस, एवढंच माहीत आहे त्याच्याबद्दल."

आमच्याकडे त्याला दळी म्हणतात, मी सांगते.
डोंगरउतारावर राब जाळायचा, नाचणी पेरायची.
ते शब्द टिपून घेतात : डॅली.
मी दुरुस्त करत नाही.

सत्तेचाळीस.
काचेपलीकडे शमसा अल बलूशी,
आडनावातच समुद्र ओलांडून आलेली.
तिला ठिपके मोजावे लागत नाहीत,
अर्धी रांग तिच्याच आडनावाची.
पासपोर्ट उलगडून ती साहेबांचं नाव मोठ्याने वाचते
आणि तो थ,
दातांत जिभेचं टोक धरून सोडायचा थ,
जो मला आठ वर्षांत जमला नाही,
तिला पहिल्याच फटक्यात जमतो.
साहेब चमकून वर बघतात.
अरबीत त्या थला अक्षर आहे, ती म्हणते,
आणि त्यावर तीन ठिपके देते.

मग साक्षीदार म्हणून माझं कार्ड.
पांगरडकर.
अरबीत प नाही. ड नाही.
ग आहे-नाही, टाइप करणाऱ्याच्या मर्जीवर.
कार्डावर मी बांजरदकार आहे.
पहिल्या वर्षी हसले होते, नवऱ्याला फोन करून :
अहो, तुमचं गाव कस्टममध्ये अडकलं.
तसं ते माझंही कुठे होतं?
ज्या गावाची म्हणून मी जगभर सही करते
तिथे दोनदाच गेलेय,
एकदा देवीची ओटी भरायला,
एकदा सासऱ्यांच्या दहाव्याला.
माहेरचं आडनाव आता फक्त
बँकेच्या सुरक्षा-प्रश्नाचं उत्तर.

"मुली आहेत ना तुम्हाला?" शमसा विचारते, सहज.
"दोन. दोघींची लग्नं झाली."
ते एवढंच म्हणतात.
मी कार्ड उचलते, पुन्हा खाली ठेवते.

शिक्का बसतो. पावती निघते.
साहेब नकाशाची घडी करायला घेतात आणि थांबतात.
समासात, इंग्लंडच्या बाहेर, खाली उजवीकडे
त्यांनी कधीतरी लिहून ठेवलंय :
मस्कत, एक.
ते माझ्याकडे खोडरबर मागतात.
पर्समध्ये असतो माझ्या, मुलाचा, जिराफाच्या आकाराचा.
काउंटरवरच, उभ्याउभ्या,
ते खोडतात, फार जोर न लावता.
"तिकडे वाढवावा लागेल," ते म्हणतात,
"खोऱ्यातला आकडा. चाराचे पाच."

अठ्ठेचाळीस येऊन खेटतो मागून,
घाईत, सिमेंटने पांढरे झालेले बूट.
रबराचे काळे कण काचेपाशी पडलेले.
शमसा माझं कार्ड आडवं धरते,
ते कण त्याच्या कडेने गोळा करते
आणि कार्ड परत देते,
फुंकर मारून.