बोटभर हवा

वेंगुर्ल्यात रिक्षांच्या सीट शिवतो मी,
म्हणून इनास आला. म्हणाला, गादी कर.
तीन वर्षांमागे माडावरून पडला,
कमरेखालचं शरीर तेव्हापासून काही कळवत नाही.
जखम झाली की बायको आरसा धरून दाखवते.

सायकलच्या ट्यूब कापल्या, बारा कप्पे,
पंक्चरवाल्या बाबलोने चिकटवून दिले,
प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह.
स्वतः बसून पाहिलं तासभर. झकास.
पण माझं बसणं खोटं:
तेवढ्यात किती वेळा हललो,
मलाच ठाऊक नाही.

मग तो बसला. खाली हात घातला मी,
डावीकडचं हाड बोटांवर टेकलं.
तिथली हवा थोडी सोडली,
बाजूच्या कप्प्यांत भरली.
बोट सुटं झालं.

"आता बरं वाटतं?" विचारून गेलो.
इनास हसला,
"माका काय इचारतस?
तुझ्या बोटांक इचार."