एक हा आकडा

आमच्या तक्त्यात एक हा आकडा
निघून गेलेल्याला दिलाय.
अनइन्स्टॉल्ड : एक.
नुसता आलेला : दोन. ज्याचं सगळं जुळलं, तो चार.
उठतोय तो आठ, थांबतोय तो सोळा,
आणि खरोखर कामाला लागलेल्याचा नंबर
सगळ्यांत शेवटी, बत्तीस.
ज्याने हे ठरवलं त्याला विचारावंसं वाटतं,
अरे बाबा, जाण्यापासून का मोजायला लागलास?

औलू. फेब्रुवारी. बाहेर उणे तेवीस.
बंदरात बर्फ फोडणारं जहाज रात्रभर
जात्यासारखं घरघरतं
आणि त्याचं वेळापत्रक आमच्या सर्व्हरवर चालतं.
एकशे चौदा प्लग-इन.
कोण कुणाच्या जिवावर उभा आहे
हे एकट्या वेइक्को हुओतारीला तोंडपाठ होतं.
वेइक्को दोन वर्षांपूर्वी गेला.
त्याच्या मॉड्यूलला मी हात लावला नव्हता.
चाललंय ना, मग कशाला.

मंगळवारी रात्री ते काढलं.
काढलं म्हणजे आज्ञा दिली, अवस्था एक झाली
आणि काहीच झालं नाही.
ज्यांनी त्याच्याकडून उसनं घेतलं होतं
ते उसनं वापरत राहिले, बिनदिक्कत.
रिफ्रेश म्हणेपर्यंत ही यंत्रणा
गेलेल्याची भांडी कुणाकडे परत मागत नाही.
दाब ना, सांप्सा म्हणाला. तो सत्तावीस वर्षांचा आहे.
मी कॉफी संपवली. मग दाबलं.

एकशे तेरा खाली बसले.
एकशे बारा उठले.
एक दोनवरच राहिला. ल्योल्यू त्याचं नाव.
तापल्या दगडांवर पाणी ओतल्यावर जी वाफ उठते
तिला आमच्याकडे हा शब्द आहे.

अहवालाचे आकडे वेगळे.
ठीक शून्य, माहिती एक, इशारा दोन, चूक चार, रद्द आठ.
तीन नाही.
इशारा आणि चूक यांच्या मधे, जिथे माणूस
बरंचसं आयुष्य काढतो, तिथे आकडाच ठेवलेला नाही.
आणि एका पोराने चूक केली की निकाल अख्ख्या घराचा :
एकशे बारा ठीक असून वर लाल चार.
उडवून टाक, सांप्सा म्हणाला, हे कोण वापरतंय?
राहू दे, म्हटलं, आता झोपू.

शुक्रवारी पाच वाजता, तळघरातल्या सॉनात
आम्ही सातजण टॉवेल गुंडाळून फळ्यांवर बसलो
आणि दगड गार होते.
दोन वर्षं आम्हाला वाटत होतं, रखवालदार लावतो.
रखवालदाराला वाटत होतं, आम्ही.
इल्पोने सवयीने पळीभर पाणी टाकलं.
थप्प झालं. एवढंच.
कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही.

टॉवेलवरच कोट चढवून मी वर गेले.
फाइलमध्ये अठ्ठावीस ओळी,
माथ्यावर त्याच्या नेहमीच्या अशुद्ध लेखनात टीप :
शुक्रवार, चार वाजता. कळवायची गरज नाही.
म्हणून तर नोंदवहीत दर आठवड्याला
शून्य, आणि पुढे कोरी जागा.

त्याला हवं होतं फक्त एक घड्याळ,
वेइक्कोच्या मॉड्यूलमधलं. मी माझ्यातून दिलं.
दोन. चार. आठ.
आठवर थांबलं. बिघाड नाही, काही असतातच तसे,
आधीपासून जागे राहत नाहीत,
बूट घालून उंबरठ्यावर बसतात
कुणी नाव घेऊन बोलावेपर्यंत.
पुढचं बोलावणं पुढच्या शुक्रवारी.

खाली आले तर सगळे तसेच,
गार फळीवर, बियर उघडून, सांप्सासुद्धा.
काय झालं?
आठ, मी म्हटलं.
इल्पोने बाटली खाली ठेवली.
कुठला आठ?

उठतोय तो. सरका जरा.