ती बोट, ते बोट

यंग्सटाउन, ओहायो. खोली दोनशे चौदा.
आतून कोणी ठोकत असावं तसा रेडिएटर वाजतो
आणि मी फळ्यावर लिहिते: प्रतीक.
त्याच्याखाली, जे म्हटलंय ते. समोर, जे म्हणायचंय ते.
मधे एक बाण. नेहमीसारखा वाकडा.

गोष्ट चार पानांची.
एक म्हातारा दर एप्रिलला आपली बोट रंगवतो.
वरच्या अंगाला धरण झाल्यापासून
गावातली नदी कोरडी आहे, हे त्याला ठाऊक आहे.
तरी निळा रंग, दोन हात.
बस्स. एवढंच घडतं.

बोट कशाचं प्रतीक?
आशा, म्हणते मरिसोल, तिला 'ए' ग्रेड हवी असते.
मरण, म्हणतो ट्रेव्हिअन, त्याला जेवणाची सुट्टी हवी असते.
मागून कोणीतरी देव म्हणतं; उत्तर सुचेनासं झालं
की या वर्गात देव हमखास येतो.
भिंतीवरचं घड्याळ ऑक्टोबरपासून नऊ चाळीसवर,
तेही प्रतीक का, मिस के?
नाही रे, सेल गेलाय त्याचा. अर्ज केलाय मी.
वर्ग हसतो. मीही.

ब्रेडन स्लिव्का हसत नाही.
"बोट म्हणजे बोट," तो म्हणतो,
"त्याला रंगवायला आवडत असेल."
त्याच्या वहीत मी लाल शाईने लिहिते:
जरा खोलात जा.

उपरोध कसा शिकवतात, मला खरंच ठाऊक नाही.
मी वाढले त्या भाषेत बांगडी फुटत नाही, वाढते;
उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणारा येतो म्हणतो;
आणि "फार शहाणी आहेस हं" याचा अर्थ
पाठीत धपाटा बसायच्या आधी समजून घ्यायचा असतो.
व्याख्या कोणी लिहून दिली नव्हती.
इथे ती द्यायची, तीन प्रकारांत,
शुक्रवारपर्यंत, चाचणीसकट.

गुरुवारी पालकसभा. व्यायामशाळेत घडीची टेबलं,
गार झालेला पिझ्झा.
लॉनी स्लिव्का टोपी काढून हात पुढे करतो.
हातात हात आला आणि काहीतरी कमी लागलं:
पहिलं बोट मुळापासून नव्हतं.
"प्रेसखाली," तो म्हणाला, मी न विचारताच,
हवापाण्याचं बोलावं तसं.
कारखाना पुढच्याच वर्षी बंद पडला.
भरपाई तेवढी मिळाली. तिच्यात एक बोट घेतली,
चौदा फुटी, ॲल्युमिनियमची.
ईअरी सरोवर काही फार लांब नाही.
अजून पाण्यात गेली नाही, ट्रेलरचा आस मोडलाय.
थंडी सरली की ताडपत्री काढून धुतो मात्र.
शेजारी ब्रेडन स्वतःच्या बुटांच्या नाड्या बघत होता.

बोट गेलं, बोट आली.
ते गेलं. ती आली.
त्या व्यायामशाळेत हे ऐकू येणारी मी एकटीच,
ओठांपर्यंत आलेलं हसू
पिझ्झ्याच्या घासाबरोबर गिळलं.
नाट्यगत उपरोध: प्रेक्षकाला माहीत असतं, पात्राला नसतं.
सोमवारीच शिकवला होता.
पात्र कोण, ते सोमवारी सांगायचं राहिलं.

"बरा आहे ना तो, इंग्रजीत?"
"नेमकं लिहितो," मी म्हणाले.
हे खरं होतं,
आणि लाल शाईत कुठेच नव्हतं.

शुक्रवारची चाचणी. प्रश्न चौथा, दहा गुण.
ब्रेडनने पान भरून लिहिलंय.
बोट म्हणजे आशा. निळा म्हणजे आकाश.
कोरडी नदी म्हणजे गेलेला काळ.
खोलात गेलाय.
मी शिकवलेलं सगळं आलंय, बाणसुद्धा,
माझ्यासारखाच वाकडा.
त्याचा स्वतःचा एकही शब्द नाही.

दहापैकी दहा दिले.
मुलं गेली. घड्याळात नऊ चाळीस.
बराच वेळ
माझीच बोटं मोजत बसले.