विचारून ये

अक्कलकोट रोडला, कारखान्याच्या माळ्यावर बसते मी.
खाली सोळा माग, वर एक लॅपटॉप.
बिंगीशेठना नऊच्या ठोक्याला सुताचा भाव हवा
स्क्रीनवर, आपोआप.

जुन्या कोडात साठ ओळी होत्या:
सॉकेट उघड, हेडर चिकटव, आलेले तुकडे गोळा कर.
आता एकच. पत्ता द्यायचा, आण म्हणायचं.
लायब्ररी निमूट निघते,
पायात चप्पलही न सरकवता.

नायना मला असंच धाडायचे
साखर पेठेत, सूतवाल्याच्या दारी.
"वीस नंबरचा भाव विचारून ये.
दार उघडलं नाही तर दहा मोज अन् फीर माघारी,
उन्हात ताटकळू नको."

टाइमआउट लिहिला: दहा सेकंद.

आज पलीकडून पाचशे तीन.
म्हणजे दुकान आहे, गल्ल्यावर माणूस नाही.
पुन्हा विचारते. पुन्हा तेच.
खाली मागांची खडखड, टेबलावरचा चहा थरथरतो.

मी एकदा शंभरपर्यंत मोजलं होतं त्या दारात,
मग पुन्हा एकपासून.
रिकाम्या हातानं घरी कसं यायचं
हे नायनांनी सांगितलंच नव्हतं.

हिच्यासाठी तेवढी एक ओळ जास्तीची लिहिते:
काही नाही मिळालं तरी चालेल,
तू ये.