पंचेचाळीस सेकंद

क्लिप तिच्या बोटावर चालेना.
चाळीस वर्षं धुराच्या भट्टीवर मासे उलटून
बोटांची कातडी सालपटासारखी झालेली.
आतला लाल दिवा नाडी शोधत नुसताच लुकलुकला.
शेवटी कानाच्या पाळीला लावली.

"हात न लावता," मी म्हटलं, "आतल्या आत मोजायचे ठोके.
अंदाज नको. जाणवतील तेवढेच."

एन्योनामनं डोळे मिटले.
केटाच्या खाऱ्या तळ्यावरून वारा,
भट्टीत नारळाची करवंटी तडकली.

"एकतीस," ती म्हणाली.
यंत्र म्हणालं, अठ्ठावन्न.

"मधे सून उठली ना. पाऊल जड पडलं तिचं,
नववा लागलाय.
तेवढे सोडले."

सातवा प्रश्न:
अस्वस्थ वाटलं तर शरीरात कुठे, ते मला कळतं.
कधीच नाही ते नेहमी, शून्य ते पाच.
या एका वाक्यापायी आक्रात आम्ही तिघांनी
अख्खी दुपार घालवली होती.
आमच्या एवे भाषेत ऐकणं आणि जाणवणं
एकाच क्रियापदात नांदतात;
लाइपझिगच्या बाईंना दोन हवी होती.
दुसरं आम्ही चर्चच्या एका पत्रकातून उचललं.
कुणी बोलत नाही ते.

"शरीरात म्हणजे?" तिनं विचारलं. "कुणाच्या?"

मी पुन्हा वाचलं. सावकाश, जसंच्या तसं,
प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं.

ती माझ्याकडे बघत राहिली.
मग सुनेला म्हणाली,
"याला गारी भिजव. सोबत दोन मासे दे.
दारात उभा राहिला तेव्हाच माझ्या पोटात खड्डा पडला."

मी म्हणणार होतो, भूक नाही.
खरंच वाटत होतं तसं:
सकाळपासूनचं ते मळमळणं
मी रस्त्याच्या खड्ड्यांच्या नावावर टाकलं होतं.
पण पोट पाठीला लागलेलं.
घास आत गेला आणि डोळ्यांत पाणी आलं,
मिरचीनं असेल.

उत्तर लिहायचं राहूनच गेलं.
मी चार टाकले. का, ते विचारू नका.

परतीच्या ट्रोट्रोत
क्लिप स्वतःच्या बोटाला लावली.
एकोणीसपर्यंत नीट गेलो.
मग शेजारच्या माणसाचं पेंगुळलेलं डोकं
माझ्या खांद्यावर येऊन टेकलं,
पुढचे कुणाचे मोजले, सांगता येणार नाही.

आकडा मात्र तंतोतंत जुळला.