दाब सतरा

दुखणं असं नाही म्हणता येत त्याला.
डोळ्यांच्या मागं, हाडाच्या आत
कुणीतरी दाराला पाठ लावून बसलंय
आणि उठायचं नाव घेत नाही,
एवढंच.

हुपरीत आमच्या घरोघरी चांदी, दुसऱ्याची.
मी पैंजणाला कड्या जोडते, एकोणीस वर्षं.
एकीच्या तोंडात दुसरी, दुसरीच्या तिसरी,
तोंड मिटलं की डाख.
वर ट्यूब लुकलुकते. बदलायची, बदलायची म्हणत
दिवाळी गेली.

कारणं सगळ्यांकडं होती.
जाऊबाई म्हणाली, सर्दी मुरलीय, ओव्याची पुरचुंडी हुंग.
धनपालशेठ माल तोलता तोलता म्हणाले, चाळिशी लागली तुम्हाला.
लागून सहा वर्षं झाली. चष्मा तेवढा घ्यायचा राहिला.
पोरगं म्हणालं, मोबाईल बघतीस लई,
स्वतःच्या मोबाईलवरनं मान न काढता.
समोरच्या आक्काताईंनी मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या.
नजर असती तर ठसका लागला नसता, म्हणे.
मला तासभर लागला.
औषधाच्या दुकानात मात्र कुणी कारण विचारलं नाही.
गोळी दिली, पाच रुपये सुट्टे मागितले.

चिडली ती आमची आशाताई, रेशमा मुल्लाणी.
"गोळ्या खाऊन दडपतीस व्हय गं?
उद्याच्या उद्या सीपीआर गाठ."

हनुवटी टेकवली. कपाळ पट्टीला लावलं.
निळा उजेड आला, आला, बुबुळाला चिकटला.
डॉक्टरीणबाई माझ्या पोरीच्या वयाच्या, मला पोरगी असती तर.
एवढं कुणी मला विचारलंच नव्हतं आजवर:
वाकल्यावर वाढतो का? सकाळी जास्त, की रात्री?
जेवण वेळेवर? पाणी किती पिता?
घरात कुणाला काचबिंदू? थायरॉईड?
दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का?
म्हटलं, बाई, डोळे मिटले तरी कड्याच दिसतात, धंदाच तो.
हसल्या. मग लगेच, झोपेत दात खाता का?
आता हे मला कसं ठाऊक असणार?
शेजारी झोपायचा त्याला विचारावं,
तर तो गेली चार वर्षं इचलकरंजीत झोपतो.
मी म्हणाले, माहीत नाही.
त्यांनी काहीतरी लिहिलं.

"काचबिंदू असता तर बहुतेक दुखलंच नसतं," त्या म्हणाल्या.
"तो चोर. दार न वाजवता घरात येतो.
म्हणून तपासून घ्यायचं.
तुमच्याकडं वाजवणारा दुसराच कुणीतरी आहे."

मग थेंब घातले, तीनदा, पडदा बघायला.
डोळ्यांत तेल घालून बसणं म्हणतात ते हेच का,
विचारणार होते, पण मागं रांग होती.
चार तास जवळचं काही दिसणार नाही, म्हणाल्या,
उन्हात जाऊ नका.

टाऊन हॉलच्या बागेत झाडाखाली बसले.
सगळं कोल्हापूर नुकतं उजळून काढल्यासारखं,
रिक्षा, पोरं, शेंगदाण्याची गाडी,
कशालाच कडा नाही.
हातात कागद. त्यावर माझी कारणं. वाचता येईनात.
बाकावरच्या कॉलेजच्या पोरीला दिला.
तिनं परीक्षेचा निकाल सांगावा तसं वाचलं:
"दाब सतरा, दोन्ही डोळे, नॉर्मल.
जवळचा नंबर दीड.
सायनसचा एक्स-रे. बीपी दोनदा.
आणि मावशी, इथं नुसतं झोप लिहिलंय,
पुढं प्रश्नचिन्ह."

सतरा.
म्हणजे डोळ्यांत दाब नाहीच.
मग हा कुणाचा, माझ्या कपाळात राहायला आलेला,
भाडं न देता?

मांडीवर बघितलं तर
चिमटा नसताना, कडी नसताना
अंगठा आणि बोट एकमेकांना दाबत होती.
सोडवली.
थोड्या वेळानं बघितलं, परत तेच.

एसटीची पाटी नुसता पांढरा डाग.
"हुपरी?" विचारलं.
"चढा की."
एक्स-रे मंगळवारी आहे.
सोमवारी धनपालशेठचे बारा जोड द्यायचेत.