बोट

तोरकिलचे गोल
एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच,
आणि त्या हाताला बोटं चार.
पाचवं बोटीने घेतलं,
कॉडचं जाळं ओढताना, दोराच्या वेटोळ्यात.

एकोणीस वर्षं खेळला तो फारोच्या या बेटावर,
डोंगर नि समुद्राच्या भांडणातून उरलेल्या
तेवढ्याच एका सपाट तुकड्यावर.
देशाकडून एकदाच. बदली. अकरा मिनिटं.
चेंडू पायाला लागला की नाही
यावर त्याच्या बायकोचं नि माझं अजून जमत नाही.

पेनल्टीला मात्र हाक त्यालाच.
इथल्या वाऱ्यात चेंडू ठिपक्यावर ठरत नाही,
कुणीतरी पालथं पडून
बोट टेकवून धरावा लागतो.
तोरकिल धरायचा. मारायचा दुसराच.
पेपरात नाव दुसऱ्याचं,
तोरकिलच्या दाढीत मैदानाचं काळं रबर.

आता तो कोच. पोरं नऊ,
त्यातली दोन सुट्टीपुरती आलेली.
ओरडत नाही;
ओरडलेलं वारा पलीकडच्या बेटावर नेऊन टाकतो.

काल सरावात सुन्निवा पेनल्टीला उभी राहिली
तर हा, साठीचा गडी, गुडघे कुरकुरत
आडवा झाला चेंडूपाशी.
"तुमच्या बोटाला लागलं तर?"
"अजून तीन आहेत. मार."

तिने पाय मागे नेला.
गोलात मी होतो, हातमोजे भिजलेले.
इतकी वर्षं मारणाऱ्याच्या डोळ्यांत बघत आलो,
काल त्या बोटाकडे बघत राहिलो.
चेंडू कुठून गेला
मला विचारू नका.